उन्हाच्या दारात

"या वर्षी मूल हवं आहे का?" दाराने विचारलं.

वैजयंती दारासमोर उभी होती. भूमिगत नागपुरात ऊन फक्त या दारापलीकडच्या काचघरात मिळे. उन्हाऐवजी घ्यायच्या ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या केव्हाच संपल्या होत्या आणि काचघरातली जागा थोडी, म्हणून ती गर्भार होऊ पाहणाऱ्या बायकांनाच मिळे. वैजयंतीचा दुसरा गर्भ नुकताच पडला होता. पुन्हा त्या वाटेला जायचं नाही, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

शेजारी काठीवर रेलून तिची नणंद कुसुम उभी होती. तिने या दाराला पूर्वीच नकार दिला होता. उन्हावाचून ऐन तिशीत तिची हाडं ठिसूळ झाली होती.

"हो म्हण, वहिनी," कुसुम म्हणाली. "माझ्याकडे बघ आणि हो म्हण."

"आणि तिसरंही गेलं तर?"

कुसुम काठी सावरत भिंतीला टेकली.

"हो," वैजयंती दाराला म्हणाली.

आत ऊन पाठीवर पडलं तसं तिचं दुखणारं अंग सैलावलं. किती बरं वाटलं! त्या बरं वाटण्याचीच तिला चीड आली आणि ती रडली.

ती बाहेर आली तेव्हा कुसुम तिथेच थांबली होती. तिने वैजयंतीचा हात ओढून घेतला आणि आपल्या गालाला लावला.

"अजून गरम आहे गं," ती डोळे मिटून म्हणाली.

हात गार होईपर्यंत वैजयंती हलली नाही.