लाल, पांढरी, पिवळी

"बाबांना काहीएक झालेलं नाही," ताईने धाकट्या भावाला ठणकावलं आणि टीव्हीमागच्या सगळ्या वायरी उपटून काढल्या. "चाळीस वर्षं लोकांचे टीव्ही दुरुस्त केलेत त्यांनी. हा डीव्हीडी प्लेअर त्यांना जोडू दे, मग बोल!"

बाबा चष्मा पुसून टीव्हीमागे वाकले. ताईचा जीव टांगणीला लागला. पिवळी वायर त्यांनी लाल भोकाशी नेली. पण त्यांचा हात थबकला आणि मागे आला. पिवळी पिवळ्यातच बसली. लाल-पांढरी मात्र त्यांनी टीव्हीला न लावता सरळ मोठ्या स्पीकरांच्या ॲम्प्लिफायरला लावली.

"टीव्हीच्या आवाजात दम नसतो," ते पुटपुटले. हे तर भावाला सात जन्मांत सुचलं नसतं.

बटण दाबताच ताईचं लग्न पडद्यावर उजळलं आणि पाहुण्यांच्या हशाने खोली दणाणली. बाबांच्या खांद्यावर डोकं टेकून नवरी ताई रडत होती.

"बघितलंस?" ताईने विजयाने भावाकडे पाहिलं.

बाबांनी टेस्टर खिशाला अडकवला, हात झटकले आणि दाराशी जाऊन चपला पायांत सरकवल्या. मग पडद्याकडे एकवार पाहून ते ताईला अदबीने म्हणाले, "चित्र अगदी स्वच्छ आलंय, बाई. लग्न तुमच्याच घरचं का?"