झिजलेल्या शिंपल्या

रुख्मानं चिंधीची गाठ आवळली. तीन वर्षांच्या गुड्डीचा डावा हात कमरेला बांधला गेला. मग तिनं वरण-भाताची ताटली नातीपुढं सरकवली.

"खाय आता. उजव्यानं."

गुड्डीनं उजवा हात भातात घातला. तोंडापर्यंत येईतो निम्मा घास फ्रॉकवर सांडला. तिनं आईकडं पाहिलं.

"सोडा ना जी तिचा हात, आई," नूतन सासूला म्हणाली. "कालपासून पोरगी धड जेवली नाई."

"दोन दिवसानं मरत नाई कोनी. डेबऱ्या हातानं जेवतेत का? उद्या सासरी गेली का लोकं म्हनतीन, आजीनं काई शिकवलंच नाई."

नूतननं मोबाइल घेतला. सासूपुढं बोलणं खुंटलं की तिचा हात मोबाइलकडं जायचा. वर्षभरापासून ती शिंपल्यांचे फोटो काढत होती. नहराचं पाणी आटलं की धानाच्या शेतातल्या बांधीत शिंपल्या उरत. मग त्या कुठंही सापडत. वाळूच्या ढिगात, बैलांच्या गव्हाणीत, शाळेच्या भिंतीच्या गिलाव्यात अर्धी रुतलेली एक. आणि घरोघरी चुलीपाशी, भाताच्या गंजाच्या बुडाची खरवड काढायला ठेवलेली एकेक.

"लोकं पोरायचे फोटो काढतेत," ओसरीतून सासरा, बकाराम, म्हणाला. "आमची सून शिंपल्यायचे काढते. म्हनत असन शिंपलीले, जरा हास बापा."

नूतनला हसू आलं नाही. खिडकीत रुख्माची शिंपली धुऊन ठेवली होती. लग्नात माहेराहून आणलेली. तिला कुणी हात लावायचा नाही असा घरचा नियम. गंज रुख्माच खरवडायची, चुलीकडं तोंड आणि दाराकडं पाठ करून.

आज नूतननं ती उचलली. जाड कड खाली, पोकळ बाजू वर. सगळे फोटो ती असेच काढायची; हाही तसाच काढला.

फोटो पाहिला आणि ती थबकली. मोबाइल उलटा फोटो काढतो की काय? तिनं मागचे फोटो उघडले. सुशीलाबाईच्या घरची शिंपली, रीताच्या घरची, आणखी दोन घरच्या. सगळ्या एकाच टोकाला झिजलेल्या. ही दुसऱ्या टोकाला.

तिनं हातातल्या शिंपलीकडं पाहिलं. फोटो उलटा नव्हता.

शिंपली उजव्या हातात धरून तिनं गंजाच्या बुडाला लावली. झिजलेली कड वरच राहिली. मग डाव्या हातात घेतली. बुडाला चपखल बसली.

"ठेव ते," रुख्मा म्हणाली. "तुले कोनं म्हटलं हात लावाले?"

नूतननं शिंपली ठेवली आणि मोबाइल सासूपुढं धरला. "ही सुशीलाबाईची. ही रीताची." बोटानं फोटो सरकवत ती शेवटच्यापाशी आली. "आन् ही तुमची."

रुख्मानं मोबाइल हातात घेतला. लांब धरून पाहिला, मग जवळ धरून. एकदा मागं गेली, पुन्हा पुढं आली.

"उलटा असन फोटो."

"नाई जी."

"कोनाले दाखवला?"

"कोनालेच नाई. आत्ताच तं काढला."

ओसरीत बकाराम खाकरला. रुख्मानं हनुवटीनं तिकडं खूण केली आणि आवाज अगदी खाली आणला.

"चाळीस वर्सं झाली. यायलेबी माहीत नाई."

  चुलीत निखारे नुसतेच धुमसत होते.

गुड्डीनं पुन्हा उजवा हात भातात घातला. पुन्हा सांडला. या खेपेला तिनं आईकडं पाहिलं नाही. खाली वाकली आणि वासरागत तोंडच ताटलीला लावलं.

रुख्मा पाहत राहिली. नाकाला लागलेलं वरण पोरगी जिभेनं चाटत होती.

मोबाइल खाली ठेवून ती नातीजवळ सरकली. गाठ सोडायला घेतली, पण सकाळपासून तीनदा आवळलेली ती गाठ आता बोटांनी सुटेना. शेवटी तिनं दातांनी ओढून सोडवली. मनगटावर उठलेला लाल वळ पदरानं चोळला.

"जेव, बाई," ती म्हणाली.

गुड्डीनं आजीकडं पाहिलं. हात उचलला नाही.

"जेव म्हनते ना." मग नूतनकडं न पाहता रुख्मा म्हणाली, "पन दार लाव आधी."