मानाचा चौकोन

कोणामुळे किती कामं रखडली, ते दाखवणारा ट्रीमॅप चार्ट मी संचालकांच्या बैठकीसाठी केला. ऑफिसच्या मोठ्या चौकोनात विभागांचे चौकोन, त्यांत माणसांचे. जितकी रखडपट्टी जास्त, तितका चौकोन मोठा.

चार्टला मथळा असतो आणि तो वाचायचा असतो, हे आमच्या साहेबांच्या गावीही नव्हतं. कोपऱ्यातल्या आपल्या चिमुकल्या चौकोनावर बोट आपटत ते डाफरले, "शिपायाचा चौकोन माझ्यापेक्षा मोठा? अक्कल गहाण ठेवलीस का? इथला प्रमुख मी आहे. सगळ्यात मोठा माझा पाहिजे!"

"करतो, साहेब."

आणि नोकरी जाईल या भीतीने दाबून ठेवलेला त्यांचा खरा आकडा मी एकदाचा चार्टमध्ये भरला.