दुसऱ्या भागात भीती नव्हती

"ठमीला कळलं तर आपली धडगत नाही," तिकीट खिडकीसमोर चष्मेवाला बायकोला म्हणाला. "मी सुट्टीवर आल्याशिवाय दुसरा भाग बघायचा नाही, असं बजावलंय तिने."

"आपण सांगायचंच नाही," बाई म्हणाल्या आणि दोन तिकिटं मागितली.

बाई बालवाडीत शिकवायच्या, म्हणून गल्लीत सगळेच त्यांना बाई म्हणत. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान. एकुलती एक लेक ठमी सैन्यात नर्स होती आणि हिवाळ्यापासून सीमेजवळच्या इस्पितळात होती. तिकडे लढाई चालू होती. इकडे दुकानं उघडत होती, बसगाड्या धावत होत्या आणि भुताच्या सिनेमाचा दुसरा भाग लागला होता.

पहिला भाग तिघांनी मिळून पाहिला होता. डोंगरावरची हवेली, धुकं, मेणबत्ती घेऊन जिना उतरणारी काळ्या कपड्यांतली विधवा. ठमीने घाबरून बापाची बाही अशी ओढली, की शिवणच उसवली. घरी आल्यावर मायलेकी दिवा चालू ठेवून झोपल्या आणि हा बाबा दाराआडून 'भॉक' करत राहिला.

आज बाईंनीच दुकानात फोन करून विचारलं होतं, "दुपारच्या खेळाला येता का?" "सिनेमाला?" त्याने दोनदा विचारलं. बाईंना भुताखेतांचं वावडं, तेव्हा चकित झाला असणार. मग म्हणाला, "चल की. नाहीतरी आज गिऱ्हाईक नाही." पित्ताने रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, सकाळी चहाही न घेता बाहेर पडला होता. तरी आला.

सिनेमा अगदीच फुसका निघाला. या खेपेला हवेलीत युद्धात पोरकी झालेली मुलं आणून ठेवली होती. वर विमानं घोंगावली, की मुलं तळघरात पळायची आणि तिथे विधवा आधीच उभी असायची. सुरुवातीला लोक दचकले. पुढे पुढे मागच्या रांगेतला एक जण ती दिसायच्या आधीच "या, या, बसा" म्हणायला लागला.

"डोक्यावर बॉम्ब पडताहेत, तिथे भुताला कोण भीक घालणार?" चष्मेवाला पुटपुटला. "एवढं साधं कळू नये?"

"मुलं तरी गोड आहेत," बाई म्हणाल्या.

मध्यंतरात त्याने मक्याच्या लाह्या आणल्या. बाईंनी एकेक करून खाल्ल्या. मीठ घालायला विसरले असावेत, असं त्यांना वाटलं.

"खारट आहेत जरा," चष्मेवाला म्हणाला. मग विचारलं, "कंटाळलीस का?"

"नाही हो. बघू तरी पुढे काय होतं."

"काय व्हायचंय? हवेली जळणार." पण तो जागचा हलला नाही.

मध्यंतरानंतर पडद्यावरच्या एका आईला तार आली. नटी किंचाळली, छाती पिटत पायऱ्यांवरून गडगडत खाली आली आणि मागून डझनभर व्हायोलिनं रडली. सगळं थिएटर हसलं. चष्मेवालाही हसला, इतका की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"असं कुणी रडतं का?" तो म्हणाला.

"मग कसं रडतात?"

"मला काय माहीत."

बाई अंधारात त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांना सकाळी रडू आलंच नव्हतं. बालवाडीला निघता निघता इस्पितळाच्या मेट्रनचा फोन आला. इस्पितळावर बॉम्ब पडला होता. ठमी गेली होती. एवढं ऐकून बाईंनी पुढचं न ऐकताच फोन ठेवला. मग दूध तापवलं, गॅस बंद केला आणि नवऱ्याला फोन लावला. सांगायला म्हणूनच लावला. पण तिकडून त्याचं नेहमीसारखं "हं, बोल" आलं आणि यांच्या तोंडून सिनेमाचं निघालं.

त्याच्यापुरती ठमी अजून जिवंत होती. दुपारभर तरी राहू दे.

आत कुठेच काही दुखत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर ओठ जसा आपला राहत नाही, तसं सगळं अंग झालं होतं.

हवेली जळाली. दिवे लागले. लोक निर्मात्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बाहेर पडले.

"चहा घेऊ या?" बाईंनी विचारलं. चहा झाला. "बागेवरून जाऊ, पाय मोकळे होतील," तो म्हणाला. बागेला वळसा झाला. बाईंनी दुकानांच्या काचांपुढे थांबून नको ती भांडी पाहिली, तोही निमूटपणे शेजारी उभा राहिला. शेवटी घर आलंच.

"अहो, आत जायच्या आधी जरा बसा इथे."

तो पायरीवर बसला. बाई शेजारी टेकल्या. समोर कुणाची तरी सायकल भिंतीला लावलेली होती. तिच्याकडे बघतच त्या बोलल्या.

"सकाळी मेट्रनचा फोन आला होता. आपली ठमी गेली हो. तुम्हाला दुपारभर तरी कळू नये, म्हणून मी सिनेमाचं काढलं."

चष्मेवाला दचकला नाही. त्याने बायकोचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"मला काल संध्याकाळीच दुकानात फोन आला होता," तो म्हणाला. "रात्री तोंडच उघडेना. सकाळी दुकानातून घरी यायला निघालोच होतो, तेवढ्यात तुझा फोन आला. इतक्या हौसेने विचारलंस, म्हटलं, तुझी एवढी एक दुपार तरी सुखात जाऊ दे."