उघडलेली मेल

“तिनं उघडली होती का, तेवढंच बघा,” टेलरमास्तर म्हणाले. “आत काय आहे ते मला माहीत आहे. मीच लिहिलंय.”

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या बाईंनी लॅपटॉप आपल्याकडे वळवला. लॅपटॉप मास्तरांच्या लेकीचा. ती उन्हाळ्यात तापानं गेली. जावयानं लॅपटॉप सासऱ्याच्या हातात ठेवला, तिचे पासवर्ड सांगितले आणि दार लावून घेतलं.

“लेकीला मेल, आणि तीही कुलूप लावून?” बाईंनी विचारलं.

“घरात कॉम्प्युटर एकच. थोरला मुलगा त्यावर ठाण मांडून असतो. बहिणीनं स्वतःच्या मनानं लग्न केलं, तर यानं तिचं नाव काढू दिलं नाही घरात. आणि मी...” मास्तरांनी गळ्यातली टेप सारखी केली. “मी मान खाली घालून काजं करत बसलो.”

मेलला कुलूप लावायला घर सोडायच्या आधी लेकीनंच शिकवलं होतं. यादीत दोन कुलपं. एक तिचं, एक बापाचं. ज्याचं कुलूप लावलं, त्याच्याच किल्लीनं उघडणार.

“लिहायचं, कुलूप निवडायचं, पाठवायचं. मग दादा कितीही डोकं आपटू दे, त्याला नुसतं गिचमिड दिसेल.”

“आणि मला?”

“तुम्हालापण नाही. गेला शब्द गेला,” ती हसली होती. “मी मात्र मेल पाठवणार नाही हं. माझं नाव बघूनच त्याचं डोकं फिरेल. काही असलं तर तुमच्या दुकानात फोन करीन.”

बाई मेल शोधत होत्या. “काय लिहिलं होतं?”

“बाप चुकला, म्हटलं. रविवारी बागेच्या फाटकापाशी थांबतो, ये. दोघं मिळून घरी जाऊ, थोरल्याचं मी बघतो.”

“मग?”

“थांबलो. माळी फाटक लावून गेला, तरी थांबलो.” मास्तरांनी टेपचं टोक बोटाला गुंडाळलं. “मग दुकानात तिचे फोन यायला लागले. मी घेतले नाहीत. आता काय सबबी सांगायच्यात, म्हटलं. असा माझा ताठा. तेवढ्यात ती आजारी पडली.”

बाईंनी मेलची यादी खाली सरकवली.

“तुम्ही एवढंच सांगा. वाचून आली नाही, का वाचलीच नाही?”

“उघडलीय,” बाई म्हणाल्या. “नुसती उघडली नाही, लॅपटॉपवर उतरवूनपण घेतलीय. ‘बाबा’ नावाचं फोल्डर आहे. त्यात हीच मेल आहे, परत परत उतरवलेली.”

मास्तरांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं पुसत राहिले.

“म्हणजे वाचली. आणि नाही आली.”

“मास्तर...”

“बरोबर आहे तिचं. उसवत होतं तेव्हा टाका घातला नाही. आता कुणाला बोल लावू?” त्यांनी चष्मा परत घातला. “मला एकदा वाचू द्या. माझ्याच लिहिण्यात काही कमी राहिलं असेल.”

बाईंनी लेकीच्या किल्लीचा पासवर्ड घातला. परत घातला. मग त्यांचा हात थांबला. त्या पडद्यावरच्या गिचमिडाकडे बघत राहिल्या, मग मास्तरांकडे.

“फाइल खराब झालीय,” त्या म्हणाल्या. “जाऊ द्या ना. वाचलीय तिनं, तेवढं पुरे. चहा सांगते.”

“चहा राहू द्या. माझी किल्ली लावून बघा.” मास्तरांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. त्याला लाल दोरा बांधला होता. “तिनंच दिली होती.”

“ती कशाला लागेल?”

“नाही लागली तर नाही. तुमचं काय जातंय?”

“मास्तर, ऐका माझं. उगाच त्रास करून घेताय.”

“अहो, त्रास व्हायचा आता काय राहिलाय?”

बाईंनी पेनड्राइव्ह हातात धरून ठेवला. मास्तर हात पुढे करून उभेच होते. शेवटी बाईंनी तो लावला आणि लॅपटॉप मास्तरांकडे सरकवला.

मास्तरांनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, स्वतःचा पासवर्ड दाबला.

त्यांच्याच किल्लीनं मेल लगेच उघडली. ‘ठमे, बाप चुकला तुझा,’ पहिलीच ओळ होती.