एक स्टार

"रात्रभर समुद्राचा आवाज येतो, झोप लागत नाही," असं लिहून पाहुण्यांनी होमस्टेला एकच स्टार दिला, आणि शालनचं डोकं फिरलं. समुद्रकाठी समुद्राचा नाही, तर काय रिक्षांचा आवाज येणार?

गिऱ्हाईक यावं म्हणून तिने काय नाही केलं! शेजारणीने झोपाळा टांगला म्हणून हिनेही टांगला, भिंती निळ्या केल्या, दारात शिंपल्यांचं तोरण लावलं. तरी फोटोत सगळ्या वाडीतल्या खोल्या जुळ्या बहिणींसारख्या! हिचं वेगळेपण काय, तर हा एक स्टार.

दातओठ खात ती खिडकीच्या फटींत रबर कोंबत होती, तेवढ्यात फोन वाजला. कुणी वयस्क बाई होत्या.

"रात्रभर आवाज येतो, हे खरं का हो?"

"आता तुम्हीही सुरू करा!" शालन तडकली.

"तसं नव्हे. आमचे हे खलाशी होते, आता दिसत नाही त्यांना. खोली कशीही असू दे, लाटांची गाज ऐकू आली पाहिजे."

शालनने कोंबलेलं रबर उपटून काढलं.

"या हो, खुशाल या. मी गप्प करायला निघाले होते, पण ऐकतोय कुठे मेला समुद्र!"