सुती पिशवी

टर्रर्र! कापड फाटण्याचा हा आवाज टेलरमास्तरांनी उभ्या जन्मात असंख्य वेळा ऐकला होता, पण तो नेहमी दुसऱ्यांच्या पँटमधून आलेला असायचा. आज तो घरातल्या गॅलरीतून आला. हातातला चहा तसाच ठेवून मास्तर धावले. फुलांची लटकती पिशवी वरपासून खालपर्यंत उसवली होती आणि तिच्यातली सगळी ओली माती खाली वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर ऐसपैस बसली होती. चादरी सूनबाईने सकाळीच धुतल्या होत्या. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

दुकान बंद करून ते मुलाकडे आले ते चार दिवस म्हणून. चार दिवसांचं वर्ष झालं. मुलगा आणि सून जपायची, त्यात काही कमी नव्हतं. पण आपण इथे पाहुणे, हे मास्तरांच्या मनातून जाता जाईना. घरात ते अंग चोरून वावरत. पंखासुद्धा विचारून लावत. ही एक पिशवीच काय ती त्यांनी कुणाला न विचारता केली होती. जाड सुती कापड आणलं, हाताने शिवलं, आत माती भरली, चारी अंगांनी भोकं पाडली आणि प्रत्येक भोकात ऑफिस टाइम नावाच्या फुलझाडाची एकेक फांदी खोचून ती गॅलरीच्या हुकाला टांगली.

या आठवड्यात तिला बहर आला. गुलाबी, पिवळी, शेंदरी फुलं. पिशवी दिसेनाशी झाली. पण ही फुलं नावाला जागणारी. ऊन तापलं की उघडायची आणि दुपार कलली की मिटायची. सून ऑफिसला जाताना बघावं तर कळ्या, आल्यावर बघावं तर गाठोडी. "बाबा, तुमची फुलं मला बघून दार लावून घेतात हो," असं ती चिडवायची. आज सुट्टी होती. आज तिला सगळा बहर दाखवायचा, या आनंदात मास्तरांनी सकाळी पिशवीला पाणी जरा सढळ हातानेच घातलं होतं.

सून गॅलरीत आली. तिने चादरींकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, मग सासऱ्यांकडे. ती खाली बसली आणि मातीतून एकेक फांदी उचलून बादलीत ठेवू लागली. तिने दोन शब्द सुनावले असते तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

त्यांनी पिशवीचं टोक चिमटीत धरून ओढलं. ते पापडासारखं हातात आलं.

"कुजलंय," ते म्हणाले. "कापडही आणि दोराही. सुती सोडून दुसऱ्या कशाला मी कधी हात लावला नाही ना. त्याचाच मेला तोरा. पण शर्ट भिजतो तसा वाळतोही. ही बिचारी कायमची ओली. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात येऊ नये?"

सून फांद्या उचलत राहिली. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घसा खाकरून ते म्हणाले, "मी म्हणतो, बरेच दिवस झाले. बहीण केव्हाची बोलावतेय. उद्या-परवा निघावं म्हणतो."

सून उठली, हात धुतले आणि तडक त्यांच्या खोलीत गेली. पलंगाखालून काहीतरी ओढल्याचा आवाज आला, मग चेन उघडल्याचा, मग कपाटाच्या दाराचा. मास्तर जागच्या जागी उभे राहिले. म्हणजे बॅग भरायलासुद्धा घेतली! नका जाऊ, असं एकदा तोंडदेखलं तरी म्हणायचं. त्यांना फार वाईट वाटलं.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात कात्री होती आणि दुसऱ्या हातात त्यांची प्रवासाची बॅग. बॅग रिकामी होती.

"हे बघा, बाबा. पक्कं नायलॉन. वर्षभर भिजलं तरी काही होणार नाही. दोन पिशव्या तरी निघतील ना?"

मास्तरांची बोटं सवयीने कापडावर फिरली. वीण घट्ट होती, शिवण दुहेरी.

"दोन काय, तीन निघतील," ते म्हणाले. मग एकदम भानावर आले. "अगं, पण मी जाताना कपडे कशात भरू?"

"म्हणून तर हीच आणली," सून म्हणाली आणि तिने कात्री त्यांच्या हातात दिली. "कापा."